काळ सोकावतो



तुमच्या हातात आज पदवीचा एक कागद पडला आहे, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. मी इतिहासाचा शिक्षक, त्यामुळे कागद दिसला की मला जुने कागद आठवतात.

१० एप्रिल १९३८ रोजी ऑस्ट्रियातल्या मतदारांपुढे एक मतपत्रिका आली. जर्मनीतलं विलीनीकरण मान्य आहे का? ‘हो’साठी मधोमध मोठं वर्तुळ, ‘नाही’साठी कडेला चिमुकलं. जर्मन फौजा महिनाभर आधीच देशात शिरल्या होत्या. ९९ टक्क्यांहून अधिक लोक ‘हो’ म्हणाले, असं जाहीर झालं.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, असं आपण म्हणतो. इथे काळ सोकावला तो १९३६च्या मार्चमध्ये. जर्मनीच्याच ऱ्हाइनलँड भागात सैन्य न्यायला व्हर्सायच्या तहाने बंदी असताना हिटलरने तुकड्या घुसवल्या. फ्रेंच चालून आले तर मागे फिरा, असा हुकूमही सोबत होता. फ्रेंच आलेच नाहीत. स्वतःच्याच परसात तर गेलाय, असं पुष्कळांना वाटलं.

मग म्युनिक. २९ सप्टेंबर १९३८ला हिटलर, इटलीचे मुसोलिनी, ब्रिटनचे चेंबरलेन आणि फ्रान्सचे दलादिए वाटाघाटींना बसले. वाटणी चेकोस्लोव्हाकियाची, आणि त्या देशाचे प्रतिनिधी मात्र हॉटेलात ताटकळत होते. रात्री त्यांना नकाशा दाखवण्यात आला, सह्या झाल्यावर निर्णय ऐकवण्यात आला. जर्मनीला देऊन टाकलेल्या सुदेतेनच्या डोंगरांत त्यांची तटबंदी होती. ती गेली आणि उरलेला देश दार काढून नेलेल्या घरासारखा झाला. युद्ध ओढवलं तर हिटलरलाच हटवू, अशा बेतात असलेले काही जर्मन सेनाधिकारीही गप्प बसले. गोळी न झाडता मुलूख मिळवणाऱ्याला अविचारी कोण म्हणणार?

१५ मार्च १९३९ला फौजा प्रागमध्ये शिरल्या. चेक कारखान्यांतले रणगाडे पुढे पोलंडवर आणि फ्रान्सवर चालून गेले. चेक राष्ट्रीय बँकेचं लंडनमध्ये ठेवलेलं सोनं जर्मन खात्यावर वळवलं गेलं. त्यासाठी प्रागहून आलेला आदेश धाकाखाली लिहिलेला होता, पण कागद चोख होता. हुकूमशहाला तुकडा टाकून शांत करता येत नाही, ते यासाठी. प्रत्येक तुकडा त्याला पुढच्या घासाचं बळ देतो.

१ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला झाला. १७ला पूर्वेकडून स्टालिनही आत शिरला. मधल्या ३ तारखेला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारता भारताला युद्धात ओढलं. त्या युद्धात लढताना माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे वयाच्या २२व्या वर्षी, १० जुलै १९४४ला, इटलीत धारातीर्थी पडले. स्टालिनने घरादारातून उठवून हाकललेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायकामुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिली. म्युनिकच्या त्या खोलीतून यांतलं कोणाला दिसलं असेल?

आणि तुमच्यासारखेच काही. १७ नोव्हेंबर १९३९ला नाझींनी चेक विद्यापीठांना टाळं ठोकलं. विद्यार्थी चळवळीतल्या नऊ जणांना खटल्याविना ठार केलं, बाराशेहून अधिक विद्यार्थी छळछावणीत धाडले. ते टाळं युद्ध संपेपर्यंत निघालं नाही. तोवर त्यांचा पदवीदानाचा दिवस उगवलाच नाही. त्यांच्या स्मरणार्थ १७ नोव्हेंबर आज आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

उद्या तुमच्यापैकी कोणी बँकेत बसेल, कोणी वर्तमानपत्रात, कोणी मंत्रालयात. समोर कागद येतील आणि बहुतेक चोखच असतील. एवढंच पाहा : दोन्ही वर्तुळं सारखी आहेत ना? ज्याचं घर वाटलं जातंय, तो खोलीत आहे ना? मग सही करा.