पूर्वनिर्णय : वाट की बेडी?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बुलढाणा येथे केलेले भाषण)



मी कायदेपंडित नव्हे. उभी हयात खडू-फळ्याच्या सहवासात घालविलेला एक शिक्षक आहे. तथापि मागील निर्णयांनी पुढील निर्णयांस वाट कशी दाखवावी, याविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

आपल्या मुलखास ही कल्पना नवी नाही. पूर्वी वतनाचा तंटा गोतसभेपुढे निघे, निवाड्याचा महजर लिहून त्यावर साक्षी घातल्या जात, आणि पुढे वाद उद्भवल्यास तोच कागद पुढे ठेवला जाई. आज राज्यघटनेच्या १४१ व्या कलमान्वये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा इतर सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. परंतु बंधन असते ते निकालाच्या मुळाशी असलेल्या कारणाचे. ओघात काढलेल्या उद्गारांचे नव्हे.

घरोघरी लागू पडणारे उदाहरण घ्या. ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. २०१५ साली ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, त्या दिवशी पिता हयात असला पाहिजे. २०१८ च्या दुसऱ्या एका निकालात, पिता २००१ मध्येच निवर्तला असताही, मुलींना वाटा मिळाला. खालच्या न्यायालयांनी कोणता निर्णय शिरोधार्य मानावा? अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी मूळ कारणच तपासले. हक्क जन्माने येतो, तर पित्याच्या हयातीची अट कशास? २०१५ चा निर्णय त्यांनी उघडपणे, कारणे देऊन, बाजूस सारला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांस धक्का लावला नाही.

जी गोष्ट न्यायालयाची, तीच लहानमोठ्या संस्थेच्या कारभाराची. काही वर्षांपूर्वी मी एका शिष्यवृत्ती समितीत होतो. एका विद्यार्थ्याचा अर्ज मुदतीनंतर आला. वडील रुग्णालयात होते, म्हणून आम्ही तो स्वीकारला. ठराव लिहिला, कारण लिहिले नाही. पुढील वर्षी एका मुलीची गुणपत्रिका उशिरा मिळाल्याने तिचा अर्ज लांबला. कोणी म्हणाले, “गतवर्षी चालले, यंदाही चालावे.” कोणी म्हणाले, “तो अपवाद होता.” ठरावाचे पुस्तक उघडले, तर ते मुके! अर्ज फेटाळला गेला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. त्या मुलीचे शिक्षण तेथेच थांबले. ही बोच आजही माझ्या मनातून गेलेली नाही.

म्हणून आपल्या कार्यकारिणीस माझी नम्र विनंती आहे. प्रत्येक ठरावाखाली तीन गोष्टी लिहाव्यात : काय ठरले, कशासाठी ठरले, आणि अपवाद केला असल्यास तो कोणत्या परिस्थितीपुरता. पुढे कारण उरले नाही, तर नियम चोरपावलांनी मोडू नये. सभेत ठराव करून बदलावा. कारण ठाऊक असलेला पूर्वनिर्णय वाट दाखवितो. कारण विसरलेला पूर्वनिर्णय पायातली बेडी होतो.