दारातली जुनी गाडी: चालू करायची की मोडीत काढायची?



शहापूर, वडगाव, अनगोळ कुठल्याही गल्लीतून फिरा, एखाद्या तरी दारात ताडपत्रीखाली झाकलेली जुनी गाडी दिसतेच. कुणाचा टेम्पो, कुणाची जीप, कुणाची पिकअप. वडिलांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली आणि त्यांचं वय झालं तशी थांबलेली. 'ती परत चालू करायची का?' हा विषय सणासुदीला घरात निघतो आणि चहाबरोबर संपतो. आम्ही भावंडांनी यंदा तो शेवटाला नेला. त्यातून जे कळलं ते दहा घरांच्या उपयोगी पडेल, म्हणून आज मांडतो.

आमच्या अप्पांची गाडी टाटा २०७, सन २००३ ची. कडोली भागातली भाजी संध्याकाळी भरायची, रात्री जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, साखळीवरून उजाडायच्या आत म्हापशाला पोचायचं. शुक्रवारच्या बाजाराला तर चुकायचं नाहीच. येताना नारळ. त्या हौद्यावर आमची शिक्षणं झाली, बहिणीचं लग्न झालं. पाच वर्षांपूर्वी अप्पांच्या गुडघ्यांनी क्लच दाबायला नकार दिला आणि गाडी दारात आली ती आलीच.

धाकट्याचं म्हणणं, इंजिन बांधून घेऊ, उद्यमबागेत कामं चांगली होतात. बहिणीचं म्हणणं, अंगणात उंदीर झालेत, भंगारात द्या. अप्पा कुणालाच काही बोलेनात. शेवटी आम्ही त्यांनाच विचारलं, कारण आरसीवर नाव त्यांचं. ते म्हणाले, "आधी तिची तब्येत बघूया, मग बोलूया." मग आम्ही प्रश्नाचे तीन भाग केले: कागद, सांगाडा आणि चालवणारा.

पहिला भाग कागदांचा, कारण गाडीला हात लावण्याआधी तो फुकटात तपासता येतो. मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र, म्हणजे आपली एफसी, लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ती दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे एफसी नसलेल्या मालवाहू गाडीची नोंदणीच वैध धरत नाहीत. म्हणजे गाडी चालू झाली तरी रस्त्यावर आणता येत नाही. त्यात विमा, कराची थकबाकी आणि गाडीच्या वयाबरोबर चढणारं शुल्क. हे आकडे आधी एका कागदावर लिहून काढावेत. 'पंधरा वर्षं झाली की गाडी बंदच' असंही पुष्कळजण समजतात. वयावरून बंदीचे आदेश निघाले होते ते दिल्ली परिसरासाठी, डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं. आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली पाहिजे, एवढंच.

दुसरा भाग सांगाड्याचा. इथे बहुतेकांचं लक्ष इंजिनाकडे जातं. खरं तर इंजिन हा गाडीचा सगळ्यात सोपा भाग. बोअर, पिस्टन, रिंगा, पंप, नोझल, सगळं बदलता येतं. फक्त वर्षानुवर्षं उभ्या गाडीला एकदम स्टार्टर मारू नये. रिंगा गंजून चिकटलेल्या असतात. टाकीतलं जुनं डिझेल काढावं, ऑइल बदलावं, आधी इंजिन हातानं फिरवून बघावं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे चाकांतले ब्रेक सिलिंडर जाम होतात. टायरला नक्षी भरपूर दिसली तरी बाजूला भेगा बघाव्यात. टायरवर चार आकडे असतात: २३१४ असेल तर तो २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. आमचे दोन टायर त्याच वर्षाचे निघाले.

पण निकाल लागतो तो चेसिसवर. अप्पा स्टूल घेऊन मागच्या चाकाशी बसले आणि हातोडीनं ठोकत गेले. पुढचा भाग खणखणीत वाजला. मागे, पाट्याचे हँगर बसतात तिथे, आवाज भद्द आला आणि पापुद्रे गळून पडले. बेळगावचा पाऊस आणि किनाऱ्याची खारी हवा, दोघांनी मिळून खाल्लेलं लोखंड ते. मेस्त्री म्हणाले, "पट्टी मारून देतो की." अप्पांनी हातोडी खाली ठेवली नाही. दोन्ही बाजू पुन्हा एकदा ठोकून बघितल्या.

तिसरा भाग चालवणाऱ्याचा. लायसन्सची अडचण नव्हती. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नक्की केलं की साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवता येते. पण लायसन्स खिशात असणं वेगळं आणि रात्री दोनला उठून घाट उतरणं वेगळं. आम्ही दोघे भाऊ नोकरदार, पुतण्या शिकतोय. ड्रायव्हर ठेवला तर गाडी महिनाभर भरून चालली पाहिजे.

सगळा खर्च मांडला तो पावणेदोन लाखांवर गेला. तशा वयाची चालती गाडी त्याहून कमीत मिळते. तरी आकडा आम्ही अप्पांसमोर ठेवला, निर्णय ठेवला नाही. ते रात्रभर गप्प होते. सकाळी म्हणाले, "रिकामी चालेल. भरून घाटात न्यायची नाही. आणि भरायची नसेल तर ठेवायची कशाला?"

गाडी मोडीत द्यायची ठरली. इथेही एक काळजी घ्या. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला तशीच देऊ नका. गाडी कायमची निकामी झाली की मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाहीतर कागदावर ती वडिलांच्याच नावानं फिरत राहते आणि पुढे काही झालं तर जबाब त्यांना द्यावा लागतो. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं. त्यावर नवीन गाडीच्या करात सवलत मिळण्याची तरतूद आहे.

आता जी गोष्ट खर्चाच्या कागदावर नव्हती ती सांगतो. अप्पांना गाडीपेक्षा तो फोन हवा होता: रात्री शेतकरी विचारायचे, "अप्पा, उद्या म्हापशाला फ्लॉवर चालेल का, भाव काय असेल?" गाडी थांबली तसे फोन थांबले. आता गल्लीतला एक मुलगा स्वतःच्या छोट्या गाडीतून भाजी नेतो. शुक्रवारी अप्पा त्याच्या शेजारी बसून जातात, भाव ठरवून देतात, कुठल्या वळणावर दुसरा गिअर टाकायचा ते सांगतात. भाडं घेत नाहीत, चहा घेतात. मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला त्यांचा फोन वाजला, तेव्हा घरात सगळ्यांनी टीव्हीचा आवाज आपसूक कमी केला.

म्हणून विनंती एवढीच. तुमच्या दारात अशी गाडी असेल, तर वडील स्वतः स्टुलावर बसून हातोडी मारू शकतात तोवर हा निर्णय घ्या. त्यांच्या माघारी ३० दिवसांत आरटीओला कळवणं, तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करणं, सगळ्या भावंडांच्या सह्या गोळा करणं, हे सगळं करता येतं. पण तिच्यावरून माल न्यायचा की नाही हे सांगणारा माणूस तेव्हा नसतो. चालू करा, नाहीतर मोडीत काढा. ठरवू द्या मात्र त्यांना.

गणपती बाप्पा मोरया!