पापणी उचलली, पुढे काय?



जन्मतःच ओघळलेली पापणी हा ग्रहणाचा दोष नव्हे. ती उचलणारा स्नायूच दुबळा घडलेला असतो. तिने बाहुली झाकली तर मेंदू त्या डोळ्याने पाहावयास शिकत नाही, आणि हे शिक्षण बहुतांशी वयाच्या ७-८ वर्षांच्या आतच व्हावयाचे असते. म्हणून 'मुलगी उपवर झाली की पाहू' ही चालढकल आम्हांस घातक वाटते. शस्त्रक्रियेत तो स्नायू आखूड करतात, किंवा मांडीतील चिवट पडद्याच्या पट्टीने पापणी कपाळाच्या स्नायूस जोडतात. तथापि काही वर्षांनी पापणी पुन्हा उतरू शकते; झोपेत डोळा किंचित उघडा राहू शकतो. दृष्टी मंदावलेली असल्यास चष्मा व निरोगी डोळ्यावर पट्टी लागते. तेव्हा टाके निघाले म्हणजे कार्य संपले असे न मानता मुलांची नेत्रतपासणी नियमित करवावी, एवढीच आमची विनंती.