चकवा आणि नकाशा

रानात चकवा लागतो, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली. रात्रभर चालावे आणि पहाटे पाहावे, तो निघालो त्याच झाडाखाली! यातला भुताखेतांचा भाग सोडा. पण गोष्ट अगदीच खोटी नाही. जर्मनीतल्या एका जंगलात काही माणसांना सरळ चालत राहायला सांगितले. या प्रयोगाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना सूर्य दिसत होता ती बरीचशी सरळ गेली. आभाळ भरलेल्या दिवशी चाललेली मात्र गोल फिरली, आणि आपलीच वाट पुन्हा ओलांडली तरी त्यांना पत्ता नव्हता.

आपल्या सह्याद्रीत हे काम धुके करते, आणि इथे पुढे कडा असतो. तेव्हा हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी मुक्कामाला जायचे ठरवलेत, तर पिशवीत डाळ-तांदूळ भरण्याआधी नकाशाचा विचार करा.

नकाशा कोणता घ्यावा? मोटारीच्या रस्त्यांचा नकाशा इथे कामाचा नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालापासून हेच काम करीत आला आहे. त्याचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा घ्या. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यावरच्या तपकिरी समोच्च रेषा वाचायला घरीच शिका. दर रेषेला २० मीटर उंची वाढते. रेषा विरळ, तर पठार. दाट, तर खडा चढ. एकमेकींना चिकटल्या, तर कडा समजा. पण हेही ध्यानात ठेवा, की पंधरा मीटरचा कातळ दोन रेषांच्या मधे दडून बसू शकतो!

नकाशाच्या कडेला पाहणीचे साल छापलेले असते, ते आधी वाचा. खिरेश्वरजवळ आज पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी पसरले आहे. धरणाआधीच्या नकाशात ते कसे दिसणार?

वेळेचा हिशेबही नकाशावरच होतो. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा आडाखा सांगितला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पाठीवर ओझे आणि वर पाऊस असेल, तर यात सढळ हाताने भर घाला.

आता तुम्ही म्हणाल, खिशात मोबाईल असताना ही कागदाची उठाठेव कशाला? मोबाईल जरूर घ्या. रेंज नसली तरी उपग्रहांवरून त्याला आपली जागा कळते. मात्र नकाशा आधी उतरवून घेतला नसेल, तर कोऱ्या पडद्यावर नुसता ठिपका दिसेल. शिवाय पाण्याचे टाके अर्ध्या किलोमीटरवर आहे असे तो सांगतो खरे. पण मधे दरी असली, तर ते अंतर पाखराचे, तुमचे नव्हे! आणि बॅटरी संपली की सारेच संपले. म्हणून कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवाच.

जोडीला साधे होकायंत्र हवे. ते वापरताना मोबाईल आणि लोखंड दूर ठेवा, नाहीतर काटा भलतीकडे वळेल. खऱ्या उत्तरेतला आणि चुंबकीय उत्तरेतला फरक महाराष्ट्रात सध्या इतका थोडा आहे, की पायी चालणाऱ्याने तो धरला नाही तरी चालते. उपग्रहावरून बोलणारा फोन मात्र परवान्यावाचून बाळगू नका. आपल्या देशात तो गुन्हा आहे.

यापलीकडे एक साधन पायथ्याच्या गावात मिळते. ते म्हणजे तिथला वाटाड्या. ढोरवाट कुठली आणि गडाची वाट कुठली, हे त्याला ठाऊक असते. त्याला विचारतानाही बेताने विचारा. ‘ही वाट गडावर जाते ना?’ म्हटले, की भिडेखातर ‘हो’ येते. ‘ही वाट कुठे जाते?’ असे विचारा.

आणि इतके करूनही वाट चुकलीच तर? थांबा. शेवटची खात्रीची खूण नकाशावर शोधा आणि तिथवर मागे या. ओढ्याच्या घळीतून खाली उतरण्याचा मोह धरू नका. सह्याद्रीत अशा कितीतरी घळी धबधब्याच्या तोंडाशी जाऊन संपतात. मागे येण्यात तास-दोन तास मोडतील, मोडू द्यात. मुक्काम अलीकडेच करावा लागला, तरी त्यात कमीपणा नाही.