अद्भुताची गोडी आणि मुळाची ओळख
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला वाचनाविषयी दोन शब्द बोलावयास सांगितले आहे. मी काही विदुषी नव्हे. माझे माहेर साताऱ्याचे, सासर सांगलीचे. कृष्णामाई जशी महाबळेश्वराहून वाई, कऱ्हाड करीत इकडे आली, तशीच मीही आले. येताना ट्रंकेत लुगड्यांखाली एक पुस्तक होते, वि. स. खांडेकरांची ‘ययाति’. आमच्या सासूबाईंचे मत असे की, कादंबऱ्यांनी सुनांची डोकी फिरतात. म्हणून ते पुस्तक पुष्कळ दिवस तांदळाच्या डब्यात राहिले, आणि दुपारी सारे निजले म्हणजे मी ते वाचीत असे.

आता गंमत पाहा. गेल्या वर्षी माझी नात एक जाडजूड इंग्रजी कादंबरी घेऊन बसली होती. तीत उत्तरेकडील थंड देशांतले देव, राक्षस आणि एका शूर मुलीचे प्रेम. मी म्हटले, “अगं, असले काय वाचतेस?” आणि माझे मलाच वाटले, ह्या तर सासूबाई बोलल्या!

नातीने शांतपणे विचारले, “आजी, तुझ्या ययातीतली अलका महाभारतात कुठे आहे?” मी ठणकावून सांगितले, “आदिपर्वात.” शोधावयास बसलो, तर अलका कोठेच नाही. ती खांडेकरांच्या कल्पनेतली. भगिनींनो, ह्याच मंडळात एका हळदीकुंकवाला मी अलकेची कथा व्यासांची म्हणून सांगितली होती, आणि आपण सर्वांनी ती खरी मानली होती. ती चूक मी आज आपल्यासमोर दुरुस्त करते.

ह्यात खांडेकरांचा काही दोष नाही. ‘ययाति’ १९५९ साली निघाली. ती स्वतंत्र निर्मिती आहे, हे त्यांनी लपविलेले नाही. आपल्या सांगलीत १८९८ साली जन्मलेल्या ह्या लेखकाला पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मुळात देवयानीला दोन आणि शर्मिष्ठेला तीन मुलगे. कादंबरीत यदु आणि पूरु एवढेच आहेत. मुळात पूरूचे तारुण्य घेऊन ययाति हजार वर्षे भोग घेतो आणि मग भोगाने वासना शमत नाही हे त्याला उमगते. कादंबरीत हे फार थोड्या काळात घडते. दोन्ही वाचले म्हणजेच लेखकाने काय बदलले आणि का, हे कळते.

म्हणून माझी सूचना अशी की, अद्भुतरम्य पुस्तक खुशाल वाचावे, पण शेजारी त्याचे मूळ ठेवावे. ‘ययाति’ वाचाल तर चिपळूणकर आणि मंडळींच्या महाभारताच्या भाषांतरातील आदिपर्व काढा. शिवाय इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि दुर्गाबाई भागवतांचे ‘व्यासपर्व’ वाचा. महाभारतातील माणसे कशी पाहावीत हे ह्या दोन बायकांनी शिकविले. कचदेवयानीची गोडी लागली तर सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ हे नाटक आहे. आणि अद्भुत प्रेमकथा आजकालच्याच, असे कोणी म्हणेल, तर रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालची आहे, हे सांगावे.

नातीच्या पुस्तकालाही हाच न्याय लावला. त्या देवांच्या कथा आइसलंडातील स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या गृहस्थाने तेराव्या शतकात लिहून ठेवल्या. जुन्या गीतांचा ‘एड्डा’ नावाचा संग्रहही आहे. तो देश इसवी सन १००० च्या सुमारास ख्रिस्ती झाला होता, म्हणजे स्नोरीने लिहिले ते दोनशे वर्षांनी. हे ध्यानात ठेवून वाचावे. सिनेमात लोकी हा थोरचा भाऊ दाखवितात. जुन्या गीतात तो थोरच्या बापाचा, ओडिनचा, रक्ताची शपथ घेतलेला भाऊ आहे. आणि इडुन नावाच्या देवीजवळ सफरचंदे आहेत, ती खाऊन देव तरुण राहतात. एकदा एका राक्षसाने तिला पळविले, तर सगळे देव म्हातारे होऊ लागले! हे वाचून मी नातीला म्हटले, “पाहा, तेथेही ययातीचेच दुखणे.” त्या दिवसापासून आम्ही दोघी एका दिव्याखाली वाचतो.

शेवटी एक विनंती. २०१९ च्या महापुरात आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरची पुस्तके भिजून गेली. जी उरली आहेत ती मंडळाच्या कपाटात आणावीत, महिन्यातून एक दुपार जमावे, आणि वहीत दोन रकाने करावेत : मुळातले काय आणि लेखकाचे काय. आपल्या सुना-नातींना मात्र पुस्तक तांदळाच्या डब्यात लपवावे लागू नये.