मुंबईहून आलेली लेकुरवाळी



आज आपण बोलणार आहोत शहर सोडून डोंगरात राहायला आलेल्या लेकुरवाळ्या बायकांबद्दल. आमचा भाग जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरातला, कोयनेच्या पाण्याकडेचा. आमच्याकडची माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईला जात आली. कुणी गिरणीत, कुणी माथाडीत, कुणी गाडीवर. १९८२ च्या गिरणी संपात कितीतरी कुटुंबं परत आली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुन्हा आली. आता खोलीचं भाडं परवडत नाही, नोकरी सुटली, सासू-सासरे थकले, अशा कारणांनी वर्षाकाठी एखाद-दुसरं घर उघडतंच. काही ठिकाणी मालक तिकडेच राहतात आणि बाई पोरांना घेऊन एकटी गावी येते.

ती आली की आपण सगळ्या तिला एकच प्रश्न विचारतो. "काय गं, करमतंय का?" ती बिचारी "हो" म्हणते. नवीन सून काय, नवीन आलेली शेजारीण काय, "नाही करमत" असं कोण सांगेल? म्हणून आम्ही गटातल्या बायकांनी ठरवलं, की हा प्रश्न विचारायचा, पण त्याआधी चार प्रश्न विचारायचे. पाणी कसं पितेस? पोरांचे कागद कुठं आहेत? तू रानात गेलीस तर पोरं कुणापाशी असतात? आणि अडीनडीला पैसे कुणाकडं मागशील? या चारांची उत्तरं नीट मिळाली की करमायला लागतंच. मुख्य म्हणजे ही उत्तरं पाऊस लागायच्या आत मिळायला हवीत.

पावसाचं का म्हणतो, ते सांगतो. बहुतेक कुटुंबं मे महिन्यात येतात, शाळेला सुट्टी लागली की. तेव्हा डोंगर छान असतो. आंबे, करवंदं, जांभळं, गार वारा. पोरं खूश. मग जून उजाडतो. महाबळेश्वरच्या बाजूला वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर जातो, म्हणजे मुंबईच्या दुपटीहून जास्त. मुंबईत पाऊस पाहिलेली बाई म्हणते, "पावसाचं काय एवढं?" पण इथं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. लाईट जाते. फोनला रेंज नसते. ओढ्याला पाणी आलं की रस्ता बंद. कपडे वाळत नाहीत. लाकूड ओलं, चूल पेटत नाही. घराला झडी बांधलेल्या म्हणून आत दिवसाही अंधार. त्यात दोन लहान पोरं. अशा वेळी बाईचा धीर सुटतो, आणि पोरं आजारी पडतात तीही याच दिवसांत.

आमच्याकडं असंच एक कुटुंब आलं होतं. मोठा मुलगा पाच वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. जुलैत धाकटीला जुलाब लागले. नव्या पाण्याचा गढूळपणा हंड्यात तळाला दिसत होता. ती माउली मुंबईत नळाचं पाणी थेट प्यायलेली, तिला वाटलं झऱ्याचं पाणी म्हणजे शुद्धच. दोन दिवस ती कुणाला काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बचतीचे पैसे घ्यायला आमच्यातली एक तिच्या सासूकडं गेली, तेव्हा पोरगी मलूल पडलेली दिसली. डोळे खोल गेलेले, सकाळपासून लघवी नाही. आमच्यातल्या एकीनं आशाताईंकडं धाव घेतली, दुसरीनं जीपवाल्याला उठवलं. वाटेत चमच्या-चमच्यानं पाणी पाजत पोरीला दवाखान्यात नेलं. पोरगी वाचली. आता ती अंगणवाडीत सगळ्यांत मोठ्यानं गाणी म्हणते. पण त्या दिवशी बचत गोळा करायचा वार नसता तर, या विचारानं आम्हाला झोप लागली नाही. तेव्हापासून आमच्या गटानं पावसाळ्यापूर्वीची बैठक या कामासाठी राखून ठेवली आहे.

त्या बैठकीत काय करतो, ते एकेक करून सांगतो.

पहिलं पाणी. झरा असो, विहीर असो, पावसाळ्यात पाणी गाळून, चांगली खळखळून उकळी आणून मगच लहान पोरांना द्यायचं. लाकूड कमी असेल तर आरोग्य केंद्रातून क्लोरीनचं औषध घ्यायचं, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं. घरात ओआरएसच्या दोन पुड्या असायलाच हव्यात. अख्खी पुडी एक लिटर पाण्यात एकदम टाकायची, थोडी थोडी टाकायची नाही. ते पाणी एका दिवसात संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट भरलेला. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्यायच्या आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या करायच्या. पोर मलूल झालं, पाणी पीत नाही, डोळे खोल गेले किंवा शी मध्ये रक्त दिसलं, तर घरी थांबायचं नाही.

दुसरं खोकला. ओल्या लाकडाचा धूर बंद घरात कोंडतो आणि पोरांच्या छातीत बसतो. म्हणून मे महिन्यातच लाकडं फोडून, गोवऱ्या रचून कोरड्या जागी ठेवायच्या. नवीन आलेल्या बाईकडं ही बेगमी नसते. आम्ही गटातल्या बायका एक दिवस तिच्यासाठी मोळ्या आणतो. चूल पेटती असताना तान्हं पोर दुसऱ्या खोलीत ठेवायचं. सर्दी-खोकल्यात श्वासावर लक्ष ठेवायचं. पोर शांत असताना एक मिनिट पोटाची हालचाल मोजायची. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या पोराचे ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली गेली, तर तो न्यूमोनिया असू शकतो. लगेच दवाखाना.

तिसरं रानातली भीती. आपल्या पोरांना चालायला लागल्यापासून कळतं कुठं हात घालायचा नाही. शहरातल्या पोराला ते सांगावं लागतं. लाकडाच्या ढिगात, दगडाच्या गडग्यात हात घालायचा नाही. संध्याकाळी बॅटरीशिवाय बाहेर जायचं नाही. मण्यार रात्री घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते, पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. म्हणून पोरांना खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपवायचं. साप चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हातपाय हलू न देता १०८ ला फोन करायचा, किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठायचा. सर्पदंशाची लस आपल्या जवळ कुठल्या दवाखान्यात असते, ते पावसाआधीच विचारून ठेवा.

आणखी एक. कुंपणाला मोगली एरंड असतो, काहीजण त्याला चंद्रज्योत म्हणतात. त्याच्या बिया चवीला गोड लागतात, पोरं शेंगदाण्यासारख्या खातात आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात. नवीन आलेल्या आईला ते झाड प्रत्यक्ष नेऊन दाखवा. रानभाज्याही अशाच शिकवा. कुर्डू, टाकळा, भारंगी ही नावं ऐकून कळत नाहीत, पानं हातात द्यावी लागतात. आणि कुठलीही अळंबी ओळखीच्या बाईला दाखवल्याशिवाय शिजवायची नाही.

चौथं डोंगराचं. २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळीये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. तिन्ही वेळा महिना जुलै होता. घरावरच्या उताराला भेगा पडल्या, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा दारं-खिडक्या अडकायला लागल्या, तर हे दरडीचं लक्षण असू शकतं. पोरांना घेऊन कुणाच्या घरी जायचं, हे आधी ठरलेलं असावं. नवीन बाईला ते घर दाखवलेलं असावं.

आता कागद. मुंबईहून येतानाच मुलांचे जन्माचे दाखले आणि लसीचं कार्ड आणायचं. कार्ड हरवलं तरी आशाताईंकडं नाव घालायचं, त्या राहिलेले डोस बघतात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. घर बदलण्याच्या गडबडीत हाच दुसरा डोस राहून जातो. सहा महिने ते सहा वर्षांचं मूल अंगणवाडीत जाऊ शकतं, ते मुंबईत जन्मलं म्हणून आहार नाकारता येत नाही. आधार जोडलेलं रेशनकार्ड असेल तर गावच्या दुकानातूनही धान्य घेता येतं. आणि शाळेचं म्हणाल तर, २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही. आमच्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांचे पट किती खाली आलेत, ते तुम्हाला माहीत आहे. एका घरातली दोन पोरं आली की शाळेला तेवढाच आधार होतो.

आता शेवटचा प्रश्न पैशांचा, आणि तिथंच आपल्यात वाद होतात. आमच्या गटातही झाले. एक आजी म्हणाल्या, "ती आज हाय, उद्या मुंबईला पळंल. मग कर्ज कोण फेडणार?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गटाचे पैसे म्हणजे आपल्या घामाचे पैसे. दुसरी म्हणाली, "आपल्यात घेतलंच नाही तर ती थांबंल कशाला?" शेवटी असं ठरलं. पहिल्या बैठकीपासून तिची बचत सुरू करायची, आपल्या इतकीच. कामाधंद्याचं कर्ज सहा महिन्यांनी, हजेरी आणि बचत पाहून. पण पोराच्या दुखण्यासाठी लागणारी लहान रक्कम पहिल्या दिवसापासून, बैठकीची वाट न पाहता. हे सगळं वहीत लिहिलं आणि सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. जुना गट भरलेला असेल तर नवीन गट करा. दुर्गम भागात पाच जणींचाही गट होऊ शकतो, आपल्या सीआरपी ताईंना विचारा.

ती येते ती रिकाम्या हातानं येत नाही, हेही लक्षात घ्या. आमच्याकडं आलेलीला फोनवरून पैसे पाठवायला, अर्ज भरायला येतं. आता गटाचं बँकेचं काम तीच बघते. त्या बदल्यात भात लावणीच्या दिवसांत एक आजी तिच्या पोरांना सांभाळतात. आणि तिनं नाचणीचं सत्त्व करायला शिकून घेतलं. नाचणीत कॅल्शियम दुधापेक्षाही जास्त, सहा महिन्यांपुढच्या बाळाला पेज द्यायला उत्तम. बाजारातल्या महागड्या डब्यांवर तिचे जे पैसे जात, ते वाचले.

सासूबाईंना एक विनंती. चूल पेटत नाही, शेण उचलायला नाक मुरडते, म्हणून चारचौघांत हसू नका. पहिला पावसाळा निघेपर्यंत तिला सांभाळून घ्या. आणि शहरातून आलेल्या ताईंना सांगणं, पोराला बरं नसेल तर दोन दिवस वाट पाहू नका. शेजारचं दार रात्रीही वाजवा. डोंगरात शेजारीण आधी पोहोचते, दवाखाना मागून.

येत्या बैठकीत आपल्या वाडीत यंदा कोण कोण राहायला आलंय त्यांची नावं लिहा. प्रत्येक घरासाठी गटातली एक बाई ठरवा. तिनं ते चार प्रश्न विचारायचे आणि आशाताईंचा, अंगणवाडी ताईंचा, जीपवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून द्यायचा. मृग लागायच्या आधी एवढं करा.

पुन्हा भेटू. नमस्कार.