घाटाखालचा विंचू आणि घाटावरची नोंदवही



यंदाच्या परिषदेचा विषय संशोधन आणि जागा गुंजवणे, हे कळल्यावर काही मित्रांनी विचारले की संशोधनावर बोलायला पुण्यात सभागृहे नाहीत का? पुण्यात राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आहे, जुनी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, सुसज्ज प्रयोगशाळा आहेत. राजगडाच्या पायथ्याच्या या गावात काय आहे? माझे उत्तर असे, की इथे रुग्ण आहे. आणि इथून फार दूर न जाता, केळदपाशी मढे घाटाने खाली उतरले किंवा भोरकडून वरंधा घाट ओलांडला, की महाडचा मुलूख लागतो. भारतीय वैद्यकाने जगाला दिलेला एक महत्त्वाचा उपचार त्याच मुलखात, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खाटेशेजारी जन्मला. आज मी प्रामुख्याने त्याच्याबद्दल बोलणार आहे, कारण संशोधन म्हणजे काय हे मला त्यातून जितके समजले तितके कुठल्याही पाठ्यपुस्तकातून समजले नाही.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या गरीब शेतकरी घरातला हा मुलगा नागपूरला डॉक्टर झाला आणि कोकणात आला, तो विंचवाच्या दंशाने माणसे मरताना पाहायला. तांबडा विंचू आपल्यालाही परका नाही. कौलांत, रचलेल्या लाकडांत, गोवऱ्यांच्या ढिगात, भाताच्या पेंढ्यांत तो असतो. बहुतेकांना तो चावतो आणि नुसता असह्य ठणका लागतो. पण काहींना, विशेषतः मुलांना, आधी वांत्या होतात, दरदरून घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते, मुलग्यांच्या लिंगाला ताठरता येते. मग हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस येतो. कोकणातून मुंडले यांनी १९६१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा ७८ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यांतले २३ दगावले होते. दहांतले जवळजवळ तीन.

त्या काळी उपचार काय होता? गावात मांत्रिक विंचू उतरवत असे. पण दवाखान्यातही आपण फार वेगळे काही करत नव्हतो, हे स्पष्ट बोलले पाहिजे. अॅट्रोपिन, मॉर्फिन, डिजॉक्सिन, गुंगी आणणाऱ्या औषधांची मिश्रणे असे जे पुस्तकात सापडेल ते दिले जाई. घाम येतो म्हणून घाम थांबवणारे औषध, हृदय थकते म्हणून हृदयाला जोर देणारे औषध. प्रत्येक लक्षणाला एक सुई. मूळ बिघाड काय आहे, हा प्रश्न त्यात कोणी विचारलेलाच नव्हता.

बावस्करांनी तो विचारला, आणि तोही फार साध्या मार्गाने. ते रुग्णाजवळ बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचे तापमान, लक्षणे कोणत्या क्रमाने येतात आणि दंशानंतर किती तासांनी येतात, हे त्यांनी रात्र-रात्र बसून टिपले. रुग्णाच्या छातीत पाणी होण्याच्या कितीतरी आधी शरीर पूर्वसूचना देते, हे त्या नोंदींतून दिसले. त्या नोंदींवरचा लेख १९८२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मधल्या काळात ते एम.डी.साठी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि शिकून पुन्हा त्याच मुलखात परतले. ही परतण्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते. पदवी मिळाल्यावर त्यांना मुंबई-पुण्यात कुणी अडवले नसते. पण त्यांचा प्रश्न महाडात होता.

बिघाड कसा घडतो ते थोडक्यात सांगतो, कारण उपचाराचे तर्कशास्त्र त्यातच आहे. चेतातंतूंच्या पटलावर सोडियमचे सूक्ष्म दरवाजे असतात. संदेश गेला की ते मिटायला हवेत. तांबड्या विंचवाचे विष ते मिटूच देत नाही. चेतातंतू पेटलेलेच राहतात, अॅड्रिनल ग्रंथींतून आणि चेतातंतूंच्या टोकांतून अॅड्रिनॅलिन, नॉरअॅड्रिनॅलिनचा लोट सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध झगडावे लागते आणि शेवटी ते हरते. म्हणजे हा जितका विषाचा आजार, तितकाच आपल्याच शरीरातल्या संप्रेरकांच्या पुराचा. हे एकदा ध्यानात आले, की हृदयाला चाबूक मारण्यात अर्थ नाही, आवळलेल्या वाहिन्या सैल करायला हव्यात, हे ओघाने येते.

आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले. ते प्रभावी औषध, पण उजेडापासून जपत, थेंब मोजत, मिनिटामिनिटाला रक्तदाब पाहत द्यावे लागते. आरोग्य केंद्रात एक डॉक्टर, एक परिचारिका आणि जाणारी-येणारी वीज असताना ते कसे निभावणार? मग नजर गेली प्राझोसिनकडे. रक्तदाबासाठी वापरली जाणारी ती एक साधी गोळी. नॉरअॅड्रिनॅलिन ज्या अल्फा ग्राहींवर काम करते, नेमके तेच ग्राही ती अडवते. किलोमागे तीस मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. तरुण मित्रांना आठवण करून देतो: पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला उभे करू नका, उचलूनही फिरवू नका, रक्तदाब एकदम कोसळतो. १९८६ साली प्राझोसिनवरचे त्यांचे निवेदन लॅन्सेटमध्ये आले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात सहलेखिका म्हणून पुढे कायम राहिल्या. गंभीर दंशातले मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास होते ते, त्यांच्या नोंदींप्रमाणे, तीन टक्क्यांच्याही खाली आले. २०२२ साली डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली.

इथे बहुतेक भाषणे थांबतात. मला मात्र इथून पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

मृत्यू कमी झाले ते प्राझोसिनमुळेच, असे एखाद्या शंकेखोर परीक्षकाने मान्य का करावे? त्याच वर्षांत रस्ते सुधारले, एस.टी. वाढली, लोक लवकर येऊ लागले, डॉक्टरांना आजार ओळखता येऊ लागला. पूर्वीचे रुग्ण आणि नंतरचे रुग्ण यांची तुलना नेहमीच अशी घसरडी असते. रोगाचे शरीरशास्त्र इतके स्पष्ट होते आणि मृत्यूंतली घट इतकी मोठी होती, की प्राझोसिनचा गुण मला निर्विवाद वाटतो. पण माझ्या वाटण्याने विज्ञान चालत नाही.

दरम्यान विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार होऊ लागले होते. घोड्याला थोडे थोडे विष टोचायचे, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढायची. हाफकिन संस्थेचे हे जुने कसब. प्रश्न असा होता, की एकट्या प्राझोसिनवर रुग्ण वाचत असताना प्रतिविषाची भर घालावी का? ज्यांचे नाव प्राझोसिनशी कायमचे जोडले गेले होते, त्या बावस्कर दांपत्यानेच महाडात चाचणी घेतली. सत्तर रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिकपणे दोन गटांत विभागलेले. पस्तीस जणांना नुसते प्राझोसिन, पस्तीस जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. दहा तासांनी पूर्ण सावरलेले किती, हा निकष आधीच ठरलेला. निकाल २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला: दोन्ही औषधे मिळालेल्यांत बत्तीस, नुसते प्राझोसिन मिळालेल्यांत आठ.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहा. पंचवीस वर्षे ज्या गोळीने तुम्हाला नाव दिले, तिच्यापेक्षा सरस काही आहे हे स्वतःच्याच दवाखान्यात, स्वतःच मांडलेल्या तुलनेतून सिद्ध करायचे आणि स्वतःच छापायचे. याला मी वैज्ञानिक सचोटी म्हणतो. चाचणीला मर्यादा आहेत: रुग्ण सत्तरच, ठिकाण एकच, आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते. तरीही ग्रामीण रुग्णालयात, भर रात्री येणाऱ्या रुग्णांवर, इतकी स्वच्छ तुलना करता येते हे तिने दाखवून दिले. मोठ्या संस्थेत काम करणारे अनेक जण ‘आमच्या अनुभवानुसार’ या दोन शब्दांवर आयुष्य काढतात.

चाचणी म्हटली की संमतीचा प्रश्न येतो, आणि तो मला टाळायचा नाही. मुंबईत प्लेग असताना, ज्यांच्या नावाने हाफकिन संस्था ओळखली जाते त्या हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर लवकरच भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. कैदी स्वखुशीने पुढे आले असे म्हटले जाते. पण तुरुंगातल्या माणसाची खुशी किती मोकळी असते? आणि रात्री दोन वाजता पोर खांद्यावर टाकून आलेल्या बापाची? त्याच्यासमोर कागद ठेवला तर तो कशावरही अंगठा देईल. म्हणून नैतिक समिती हवी, चाचणीची आधी सार्वजनिक नोंदणी हवी, आणि कोणत्याही गटात पडले तरी रुग्णाला उपलब्ध असलेला मान्य उपचार मिळेलच याची हमी हवी. महाडच्या चाचणीत दोन्ही गटांना प्राझोसिन मिळाले होते, हे लक्षात घ्या. आपल्या देशात २००७ पासून चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांसाठी तिच्यात नोंदणी सक्तीची आहे. हा त्रास नव्हे. त्या बापाच्या बाजूने कोणीतरी आधीच विचार करून ठेवलेला असतो.

खेड्यात राहून अशी तुलना करणारे बावस्कर एकटे नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एकोणचाळीस गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली आणि सत्तेचाळीस गावांशी तुलना केली. गावातल्याच शिकवलेल्या बायका बाळाचे वजन घेत, श्वास मोजत, गरज पडल्यास प्रतिजैविकाची सुई देत. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटले होते. आज इथे बसलेल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन जे करतात, त्याचे मूळ तिथे आहे.

आता आपल्या खोऱ्याकडे येतो. विंचवापेक्षा आपल्याला आज साप अधिक छळतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे मरतात असा २०२० सालच्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो. जखम दिसत नाही, दुखत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि घरचे लोक अपचन समजून ओवा देत बसतात. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या रुग्णाच्या पापण्या पाहिल्याशिवाय त्याला घरी पाठवू नका.

आपले प्रतिविष बव्हंशी तमिळनाडूत, इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेत काढलेल्या विषावर बनते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे, की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते आणि दूरच्या प्रदेशात तेच प्रतिविष कमी पडू शकते. आपल्या घोणशीवर ते किती चालते, हे आपल्याच रुग्णांवरून कळणार. नवे उपचारही येऊ घातले आहेत. २०२४ साली याच संस्थेचा सहभाग असलेल्या गटाने नागवर्गीय सापांच्या एका घातक विषद्रव्याला अडवणारे कृत्रिम मानवी प्रतिद्रव्य प्रसिद्ध केले. ते अजून उंदरांच्या पातळीवर आहे. व्हारेस्प्लॅडिब ही गोळी मुळात दुसऱ्याच आजारांसाठी बनली आणि तिथे अपयशी ठरली. ती सर्पदंशावर चालते का, याची चाचणी भारत आणि अमेरिकेत झाली. सर्व रुग्ण मिळून ठळक फरक दिसला नाही, पण दंशानंतर लवकर दिली गेली तेव्हा फायद्याचे संकेत दिसले. मला यात प्राझोसिनची आठवण येते: दुसऱ्या आजाराची गोळी, आणि वेळेवर पोचण्याची अट. ‘लवकर’ म्हणजे किती तास, हे ठरवायचे असेल तर दंशाची वेळ कोणीतरी लिहिलेली हवी.

आणि नेमकी तीच आपल्याकडे लिहिलेली नसते. केसपेपरवर ‘साप चावला’ एवढेच असते. कोणता साप, कुठे, किती वाजता, पहिली मात्रा किती वाजता, पुढच्या रुग्णालयात काय झाले, काही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंश नोंदणीयोग्य आजार करण्यास सांगितले आहे. पण वरून आलेला तक्ता भरणे वेगळे आणि स्वतःच्या प्रश्नासाठी नोंद ठेवणे वेगळे.

म्हणून माझी सूचना अशी. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या खाजगी आणि सरकारी दवाखान्यांची विंचू व सर्पदंशाची एकच नोंदवही असावी. रुग्णाचे नाव तिच्यात नको; वय, गाव, दंशाची वेळ, दंश झाला तेव्हा तो काय करत होता, दवाखान्यात पोचण्याची वेळ, पहिली लक्षणे, दर तासाचा रक्तदाब आणि हातपायांचे तापमान, दिलेल्या मात्रा, आणि सात दिवसांनी आशाताईंनी घरी जाऊन पाहिलेली स्थिती एवढे पुरे. सुरुवातीलाच एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिक समितीपुढे ती न्यावी आणि एका संख्याशास्त्रज्ञाला सोबत घ्यावे, म्हणजे दोन वर्षांनी कागदांचा निरुपयोगी ढीग हाती येणार नाही. मृत्यू झालेल्या रुग्णांची पाने सगळ्यात काळजीपूर्वक भरावीत. ती लिहिताना हात जड होतो हे मला ठाऊक आहे, पण आपल्याला सर्वाधिक शिकवणारी पाने तीच असतात.

दुपारच्या सत्रात या नोंदवहीचा नमुना चर्चेला ठेवला आहे. रकाने कमी करा, शब्द सोपे करा, आशाताईंना जे जमणार नाही ते काढून टाका. मात्र दंशाच्या वेळेचा रकाना कोणी काढू नये, आणि नमुना भातकापणीच्या आधी छापून प्रत्येक केंद्रात पोचावा, एवढे मी आग्रहाने मागतो.